पहिली ओटी माहेरची

आमच्या घरात कुणाचाही मोबाइल बिघडला की तो आधी माझ्यापुढे येतो. शाळा ऑनलाइन भरत होत्या त्या काळात आमच्या सगळ्या स्टाफला मीच शिकवलं होतं. तेव्हापासून हा मान मला चिकटला, आणि खरं सांगायचं तर मीही तो कधी उतरू दिला नाही. निवृत्त झाल्यावर डहाणू रोडच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका भाजी निवडता निवडता फोन माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "बाई, बघा ना याला काय झालंय." माझं औषध ठरलेलं. फोन बंद करा, सिम काढा, पदराला पुसा, परत घाला. बहुतेकांना गुण येतो. नाही आला तर कंपनीचा दोष.

या औषधावर माझा इतका विश्वास होता की त्यापायी मी एका बाईला दिवसभर उपाशी बसवलं. ती बाई माझी विहीण. समुद्रापलीकडे, फिलिपिन्सच्या एका लहानशा गावात राहते.

माझा मुलगा मस्कतला एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करतो. सून त्याच दवाखान्यात नर्स. ती फिलिपिन्सची. लग्न ठरलं तेव्हा मी आठवडाभर धड जेवले नव्हते, हे आता लपवण्यात अर्थ नाही. पुढे ती घरी आली, पहिल्याच सकाळी माझ्याआधी उठून तिने भात लावला, आणि पेज वेगळी काढून त्यात मीठ घालून प्यायली, तेव्हा माझा निम्मा राग गेला. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं. तिचं भराभर, माझं फळ्यावर लिहिल्यासारखं. मला ती आई म्हणते आणि तिच्या आईला नानाय. ही नानाय एकटी बाई, नवरा केव्हाच गेला, ही एकुलती एक मुलगी. पायाच्या दुखण्यामुळे तिला विमानाचा प्रवास झेपत नाही. लग्नालाही ती येऊ शकली नव्हती.

सुनेला सातवा लागला तसं दोघंही रजा काढून इकडे आली. डोहाळजेवण करायचं ठरलं ते डहाणूच्या फ्लॅटवर नाही, तर तलासरीच्या आत पाड्यावर, माझ्या सासरच्या घरी. तिथे माझी मोठी जाऊ राहते, देव तिथे आहेत, आणि आमच्याकडची पहिली ओटी देवांसमोरच भरतात. तीही आधी माहेरची. मुलीच्या आईने पहिल्यांदा भरायची, ती सवाष्ण असो वा नसो, मग सासूने, मग बाकीच्या सवाष्णींनी. आणि ओटी भरून होईपर्यंत त्या आईने अन्न घ्यायचं नाही.

ही रीत नानायला सांगितली कुणी? मीच. कुणी विचारलं नव्हतं. आदल्या आठवड्यात डहाणूहून व्हिडिओ कॉल चालू होता. सून आईला सांगत होती की तुलाही सगळं दिसेल, मी तुला दाखवीन. मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं, नुसतं बघायचं नाही, पहिली ओटी तुमचीच. तुम्ही तिकडे मूठभर तांदूळ आणि नारळ घेऊन बसा, तुम्ही हात वर केला की इकडे तुमच्या वतीने मी तिच्या पदरात घालीन. आणि तोवर उपास हं! आमच्याकडे आई तोवर जेवत नाही. इंग्रजीत हे सगळं सांगताना मला स्वतःचंच मोठं कौतुक वाटलं. पलीकडे नानाय डोळे पुसत होती. नारळ सोलताना शेंडी ठेवायची का, असं तिने विचारलं. ठेवायची, मी म्हटलं. लग्नात मी तिच्यासाठी पाठवलेली हिरवी साडी अजून घडीतच आहे, ती नेसू का? नेसा, मी म्हटलं. नेसायची कशी ते सुनेने तिला एक व्हिडिओ पाठवून कळवलं.

ज्या मुलीच्या लग्नात बसायला मिळालं नाही, तिची ओटी तरी हातून भरली जावी, एवढंच त्या बाईला हवं होतं. आईशी कुठूनही बोलता यावं म्हणून सुनेने येतानाच प्रवासाचं ई-सिम घेतलं होतं. इथलं सिम घ्यायचं तर परदेशी माणसाला कागदपत्रांचा व्याप फार. ई-सिम म्हणजे हातात घ्यायला काही नसतंच. मेलवर एक चौकोनी नक्षी येते, ती फोनला दाखवली की सिम आतल्या आत बसतं. मला तो प्रकार आवडला नव्हता. ज्याला हात लावता येत नाही ते पुसायचं कसं, असं मी हसत म्हटलंही होतं.

पाड्यावर आम्ही सकाळीच पोचलो. जाऊने अंगणात मांडव घातला होता, झोपाळ्याला झेंडू आणि आंब्याची पानं बांधली होती. चुलीवर केळीच्या पानातल्या पानग्या भाजत होत्या. आणि घरात शिरताच पहिली बातमी कळली ती ही की टॉवर बंद आहे. रस्त्याच्या कामात कुठेतरी केबल तुटली होती आणि कालपासून अख्ख्या पाड्यात कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. इथे सगळ्यांकडे त्या एकाच कंपनीची सिमं, कारण दुसरी कुठली लागतच नाही. माझ्या फोनवर फुली. मुलाच्या फोनवर फुली.

सुनेने मात्र स्वतःचा फोन वर धरला आणि हसली. तिच्या फोनवर रेंज होती. तिचं सिम कुठल्या एका कंपनीचं नव्हतं. जो टॉवर सापडेल तो पकडायचं. टेकाडावरच्या आमच्या घरातून गुजरातेतले दिवे दिसतात, त्या बाजूच्या कुणा भलत्याच कंपनीचा टॉवर त्याने धरला होता. झोपाळ्याच्या कोपऱ्यात तर चांगलीच रेंज होती. तिने तिथूनच नानायला निरोप टाकला आणि मला म्हणाली, "आई, यात डेटा थोडाच आहे. नानायपुरता ठेवूया."

"हो गं, काळजी नको," मी म्हटलं. हे मी खरंच म्हटलं होतं.

दुपारी बायका जमायला लागल्या. मळ्यात, वीटभट्टीवर रोजाला जाणाऱ्या बायकाही त्या दिवशी लवकर सुटून, आंघोळी करून, ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. सुनेला बघायचं म्हणूनच निम्म्या आल्या असतील. फुलांचे दागिने घालून ती झोपाळ्यावर बसली होती आणि कुणी काही विचारलं की "बरं आहे" एवढंच म्हणायची, त्यावर हशा पिकायचा. माझी एक चुलतसासू आहे, जिभेला हाड नसलेली. ती सुनेला नीट न्याहाळून मला म्हणाली, "दिसायला आहे बरी. पण बाय, ना तिला आपलं गाणं येत, ना आपलं बोलणं. नुसती देवळातल्या मूर्तीसारखी बसवून काय करायची?"

मला ते झोंबलं. इतक्यात जाऊची लेक आली. तिचा नवरा झाईला मासेमारीच्या बोटीवर असतो, तो चार दिवस समुद्रात होता आणि आज बोट परत यायची होती. टॉवर बंद, त्यामुळे तिला काहीच कळत नव्हतं. "काकी, वहिनीच्या फोनला रेंज आहे म्हणतात. एक मेसेज टाकू का?"

आता ही अडचण खरी होती, आणि तिला नाही म्हणणं माणुसकीला धरून नव्हतं. सुनेने आपणहून हॉटस्पॉट चालू केला आणि तिला जोडून घेतलं. झाईहून उत्तर आलं, बोट लागली, माणूस सुखरूप. पोरगी रडायलाच लागली. तिथेच थांबलं असतं तर काही बिघडलं नसतं.

पण मी चुलतसासूकडे बघितलं. आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "कुणाला लागत असेल तर घ्या गं. आमच्या सुनेच्या फोनवर आहे रेंज. सगळ्या पाड्यात तेवढीच आहे!"

आमच्याकडे विरजण मागायला आलेल्या बाईला कुणी परत पाठवत नाही. संध्याकाळी वाटी घेऊन कुणी दारात उभी राहिली की चमचाभर दही द्यायचं, मग घरात उरो न उरो. हॉटस्पॉट मला तसाच वाटला. दिल्याने काय कमी होतं? पासवर्ड मीच सांगत सुटले, वर्गात पाढे सांगावेत तसा. मुली आल्या, जावई आले, मांडवाबाहेर बसलेले बाप्ये आले. कुणी रील बघतंय, कुणी डोहाळजेवणाचंच शूटिंग नातेवाइकांना पाठवतंय, कुणी मॅच लावली. चुलतसासूच्या नातवाने तिला गुजरातेतल्या लेकीशी बोलायला लावून दिलं, तेव्हा ती मला म्हणाली, "गुणाची आहे हो तुझी सून." आणि मी, देवाशपथ, त्या क्षणी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी फिरत होते. सुनेने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तिला हाताने खूण केली, असू दे. पोटातल्या बाळासकट ती मला नाही म्हणू शकली नाही, हे मला तेव्हा दिसत होतं, आणि तरी मी दुसरीकडे बघितलं.

ओटीची वेळ झाली. पाट मांडला, समई लावली. सुनेने नानायला कॉल लावला आणि तो लागेना. वर रेंजच्या दांड्या सगळ्या दिसत होत्या पण आत काही येत नव्हतं. गोल नुसता फिरत होता. तिने सगळ्यांना हॉटस्पॉट सोडायला सांगितला. मग तो बंद केला, विमानाची खूण दाबून पुन्हा काढली, फोन बंद करून चालू केला, रोमिंगची कळ पाहिली. ती चालूच होती. डेटा संपला होता की इतक्या जणांना वाटून दिल्यामुळे कंपनीने अडवला होता, कोण जाणे. फोन हाताला चटका लागेल इतका तापला होता. कंपनीला विचारायचं तर त्यालाही इंटरनेट हवं.

"नानाय वाट बघत असेल," ती म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"दे इकडे," मी म्हटलं.

सगळ्या बायका बघत होत्या. मोबाइलच्या डॉक्टरीणबाई सरसावल्या. मी सेटिंगमध्ये शिरले, सिमचं पान उघडलं. खाली लाल अक्षरात ते काढून टाकायची सोय होती. काढा, पुसा, घाला. फोनने विचारलं, नक्की काढायचं का? सून "आई, थांबा" म्हणाली, ते मी ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण थांबले असते तर मला त्यातलं कळत नाही असं दिसलं असतं. मी हो दाबलं. ते सिम गेलं. परत घालायला हातात काही नव्हतं. मेलवरची ती नक्षी उघडायला इंटरनेट नाही, आणि एकदा वापरलेली नक्षी पुन्हा चालतही नाही, हे सुनेने मला फार हळू आवाजात सांगितलं. तिने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. उलट माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "असू दे, आई."

त्याच वेळी जाऊ आतून आली. "अगं, काय चाललंय तुमचं? दिवेलागण होईल आता. बायांना घरी जायचंय, टेम्पो थांबलाय. लागत नाही का फोन?"

इथे मी बोलायला हवं होतं. सासू मी होते, कार्य माझं होतं, मी थांबा म्हटलं असतं तर सगळ्या थांबल्या असत्या. मुलगा कुणाला तरी सोडायला गाडी घेऊन आशागडकडे गेला होता, तो येईतो कळ काढायची, मग दहा-पंधरा मिनिटांत हायवेवर जाऊन रेंजमध्ये पोचता आलं असतं. तांदूळ-नारळ बरोबर नेता आला असता. पण थांबा म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. सांगावं लागलं असतं की सगळ्यांना वाटून टाकलं ते मी, आणि उरलंसुरलं पुसलं तेही मी. चुलतसासू समोरच पानाला चुना लावत बसली होती.

"टॉवरच गेलाय तिकडचाही," मी म्हटलं. "आता काय येत नाही रेंज. आपण सुरू करू. नंतर शूटिंग दाखवू तिच्या आईला."

सुनेला मराठी कळत नाही, पण हे तिला कळलं. तिने विचारलं, "थोडं थांबता येणार नाही का?" मी म्हटलं, "मुहूर्त आहे." मुहूर्तबिहूर्त काही नव्हता. दिवेलागणीला अजून चांगला वेळ होता. बत्तीस वर्षं मी मुलांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलं आणि माझ्या तोंडून तो शब्द असा सहज निघाला.

पहिली ओटी मी भरली. माहेरची म्हणून वेगळी नाही, सरळ सासूची म्हणूनच. तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, पदरात तांदूळ, नारळ, खण घातला. ती मान खाली घालून बसली होती. कुणीतरी म्हणालं, लाजते बघा कशी. मग बाकीच्यांनी भरली, गाणी झाली, पेढा की बर्फी झालं. मग पंगत बसली. मी जेवले. आग्रह झाला तेव्हा श्रीखंड परत घेतलं. तेव्हा मला नानायच्या उपासाची आठवण झाली नाही असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. आठवण झाली होती. वाटलं, एव्हाना जेवली असेल, कुणी इतका वेळ थोडंच बसतं.

अंधार पडायच्या सुमाराला आम्ही डहाणूला निघालो. आमचे हे जाऊकडेच राहिले. गाडी मुलगा चालवत होता, मी आणि सून मागे. त्याला तिने काय झालं ते सांगितलं असावं, कारण तो माझ्याशी बोलत नव्हता. मी भरलेला खण तेवढा तिच्या पदरात होता, ओटीचं बाकी सगळं सामान एका पिशवीत माझ्या मांडीवर. कच्चा रस्ता संपून हायवे लागला आणि माझा फोन खणखणला. रेंज आली होती.

"गाडी घे बाजूला," मी मुलाला म्हटलं.

एका चहाच्या हॉटेलापुढे, ट्रकांच्या रांगेशेजारी त्याने गाडी लावली. मी माझा हॉटस्पॉट चालू केला आणि सुनेचा फोन त्याला जोडून दिला. तेवढं येत होतं मला. जोडल्याबरोबर तिच्या फोनवर निरोप धाडधाड येऊन पडायला लागले. सगळे नानायचे. तिने ते माझ्यासमोर धरले. मुद्दाम धरले असं नाही. तिचा हातच तसा होता.

पहिला फोटो. नानाय खुर्चीवर ताठ बसलेली. हिरवी साडी नेसलेली, निऱ्या उलट्या बाजूला खोचलेल्या, पदर दोन पिनांनी शर्टाला लावलेला. समोरच्या टेबलावर ताटात तांदूळ आणि शेंडी ठेवलेला नारळ. खाली लिहिलं होतं, मी लवकर तर नाही ना बसले?

मग, इंटरनेट खराब आहे का? घाई नको.

मग, शेजारणी आल्या आहेत बघायला. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडची रीत मोठी असते.

मग, मी काही खाल्लेलं नाही, आईंना सांग. फक्त पाणी प्यायले. पाणी चालतं का ते विचारायचं राहिलं.

मग, शेजारणी घरी गेल्या. मी आहे.

आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा तिकडे केव्हाच अंधार पडलेला असतो. शेवटचा निरोप थोड्याच वेळापूर्वीचा होता. मी आहे, एवढाच.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सून रडत नव्हती, निरोपांवरून अंगठा वर नेत होती, खाली आणत होती. मग तिने कॉलची खूण दाबायला बोट नेलं आणि थबकली. समोर आरशात तिला तिचा चेहरा दिसला असावा. फुलांचे दागिने, आणि कपाळावर पाड्यातल्या प्रत्येक सवाष्णीने लावलेलं हळदकुंकू, एकावर एक, नाकापर्यंत ओघळलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

आमच्याकडे सवाष्णीचं कुंकू दुसऱ्याने पुसत नाहीत. पोटुशीचं तर नाहीच नाही. जाऊने बघितलं असतं तर तिथल्या तिथे माझा हात धरला असता. मी पदराचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि तिचं कपाळ पुसलं. नीट पुसलं, भुवयांमध्ये अडकलेलंसुद्धा. ती डोळे मिटून बसली होती. मुलाने आरशातून बघितलं आणि मान वळवली. मग मी पिशवीतला नारळ आणि तांदूळ काढून माझ्या ओंजळीत घेतले. तिच्या पदरातला खण काढून बाजूला ठेवला. पदर रिकामा केला.

"लाव आता," मी म्हटलं.

पहिल्याच घंटीला नानायने उचलला. फोटोत होती तशीच बसली होती, फक्त पदर घसरला होता, तो तिने घाईने सारखा केला. मुलीला बघून तिचं तोंड असं फुललं की मला तिकडे पाहवेना. ती काहीतरी त्यांच्या भाषेत बोलली, मग मला बघून इंग्रजीत म्हणाली, "आता सुरुवात का?"

उत्तर मीच द्यायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "पहिली तुमची."

तिने दोन्ही हातांनी नारळ उचलला, कपाळाला लावला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग पडद्यासमोर धरला, आणि इकडे मी माझ्या हातातला नारळ सुनेच्या पदरात घातला. तिने मूठभर तांदूळ सोडले, मी सोडले. तिकडे तांदूळ टेबलावर पडल्याचा आवाज ऐकू आला. शेजारून ट्रक जात होते, त्यांच्या उजेडात सुनेचं पुसलेलं कपाळ दिसत होतं. नानायने बोट कुंकवात बुडवल्यासारखं करून हवेत टेकवलं. पर्समधल्या डबीतलं कुंकू मी त्या कपाळाला लावलं, एकच बोट, तिच्या नावाचं. मग सून रडली. नानायही रडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मला तो हक्क आहे असं वाटलं नाही.

"विहीणबाई," नानाय म्हणाली. हा शब्द तिने सुनेकडून घोकून घेतला होता. "तुम्ही सगळे माझ्यासाठी थांबलात. इतकी माणसं, इतका वेळ. मी विसरणार नाही."

खरं सांगावं असं फार वाटलं. जिभेवर आलंही होतं. पण सांगितलं असतं तर ती पहिली ओटी तिच्या हातून मी दुसऱ्यांदा काढून घेतली असती. सुनेने माझा हात दाबला, गप्प राहा म्हणून की धीर म्हणून, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मान हलवली. त्या मानेची मला आजही लाज वाटते.

मग नानायने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वर्गाबाहेर जाऊ का असं विचारणाऱ्या मुलीसारखं विचारलं, "आता मी जेवले तर चालेल का?"

"जेवा," मी म्हटलं. घाईत मराठीतच म्हटलं, पण तिला कळलं. माझ्या पदराचं टोक कुंकवाने लाल झालं होतं. ते मी मुठीत धरून खाली, कॅमेऱ्यात दिसणार नाही असं ठेवलं होतं.